पांढरी, गुलाबी, पिवळी: उमेदवाराच्या खर्च नोंदवहीचं परीक्षण

विधानसभा किंवा लोकसभेचा अर्ज भरला की निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून उमेदवाराच्या हाती एक नोंदवही पडते. किंमत काही नाही, दुसरा पर्याय नाही, आणि निकालानंतर 30 दिवसांत ती भरून परत द्यायची. पानांवर आधीच क्रमांक घातलेले असतात आणि कार्यालयाचं साक्षांकन असतं, त्यामुळे पान फाडून नवं चिकटवायची सोय नाही. आत तीन रंग आहेत: पांढरी पानं सगळ्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. सोबत गोषवाऱ्याचे नमुने, शपथपत्राचा नमुना आणि सूचनांचा गठ्ठा. 2024 च्या महाराष्ट्र विधानसभेला 288 जागांसाठी 4,136 उमेदवार उभे होते, म्हणजे एवढ्या वह्या एकाच महिन्यात भरल्या जात होत्या. भरणारे बहुतेक जण पहिल्यांदाच भरत होते: कुणाचा भाचा, कुणाच्या दुकानाचा हिशेबनीस, कुणाचा नेहमीचा सीए.

आमचं मत आधीच सांगतो. हिशेब ठेवण्याचं साधन म्हणून ही वही चांगली बांधली आहे, अनेक सहकारी संस्थांच्या रोजकिर्दीपेक्षा चांगली. पण निवडणुकीतल्या पैशाला लगाम घालण्याचं काम तिच्याकडून अर्धंच होतं, आणि राहिलेलं अर्धं तिच्या पानांत नाही, कायद्यात अडकलेलं आहे. दोन्ही बाजू बघू.

आधी आकडे. जानेवारी 2022 पासून महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाख अशी मर्यादा आहे. गोव्यात मतदारसंघ लहान म्हणून 75 लाख आणि 28 लाख. त्याआधी 2014 मध्ये आपल्याकडे 70 आणि 28 लाख होते, ऑक्टोबर 2020 मध्ये कोविडच्या कारणाने दहा टक्के वाढवून 77 लाख आणि 30 लाख 80 हजार केले. 2022 ची वाढ करताना महागाई निर्देशांक 240 वरून 317 वर गेल्याचा आधार घेतला होता. तीन लाख मतदारांच्या मतदारसंघात 40 लाख म्हणजे माणशी तेरा रुपयांच्या आसपास. त्यात गाड्या, मंडप, बॅनर, पत्रकं, कार्यकर्त्यांचं जेवण आणि मोबाइलवरच्या जाहिराती सगळं बसवायचं.

हिशेबाचा काळ अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून. अर्जाआधी छापून ठेवलेली पत्रकं नंतर वाटली तर तीही यातच. लोक इथेच दोन टोकांना चुकतात. सुरुवातीला अर्ज भरायच्या मिरवणुकीचा ढोल-ताशा, फेटे आणि गाड्या लिहायच्या राहतात, कारण वही तर त्या मिरवणुकीनंतर हातात येते. आणि शेवटी प्रचार थांबला की वही मिटली जाते, पण मतदानाचा दिवस आणि मतमोजणीचा दिवस अजून बाकी असतो. मतदान केंद्रापासून 200 मीटरच्या बाहेर मांडलेलं टेबल, दोन खुर्च्या आणि वरची छत्री हाही खर्चच. समजा 320 केंद्रं आहेत आणि प्रत्येक मांडणीला 300 रुपये पडले, तर 96,000 झाले. एवढी रक्कम विसरून चालत नाही, आणि खर्च पथक ती विसरत नाही.

पांढरी पानं

ही वहीची मुख्य पानं. रकाने असे: तारीख, खर्चाचा तपशील (वस्तू, नग, दर), एकूण रक्कम, पैसे घेणाऱ्याचं नाव-पत्ता, बिल क्रमांक, आणि मग हा खर्च कुणी केला ते तीन वेगळ्या रकान्यांत: उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने, पक्षाने, की तिसऱ्याच कुणी. शेवटचा रकाना शेऱ्याचा. दिलेले पैसे आणि द्यायचे राहिलेले पैसे दोन्ही इथे येतात. पैसे दिल्यावर लिहू म्हणणारा इथेच फसतो. खुर्ची ज्या दिवशी मैदानात लागली तो खर्चाचा दिवस, मंडपवाल्याने बिल कधी का पाठवेना.

नमुन्यादाखल एक नोंद घ्या. ‘सभा खर्च, 18,500’ असं लिहिलेलं पान तपासणीत टिकत नाही. टिकणारी नोंद अशी असते: प्लास्टिक खुर्च्या 500 नग, दर अमुक, व्यासपीठ 20 बाय 30 फूट, दर अमुक, ध्वनिक्षेपक एक संच, जनरेटर एक, इतके तास, पाण्याचे जार इतके, हार आणि पुष्पगुच्छ इतके. प्रत्येकाची वेगळी ओळ, प्रत्येकाला बिल क्रमांक. कारण समोरच्या बाजूला व्हिडिओ पथकाचा माणूस कॅमेरा घेऊन उभा असतो, आणि चित्रीकरण सुरू करताना सभेचं ठिकाण, वेळ, अंदाजे खुर्च्या, गाड्या, कमानी, फलक यांची मोजणी तो बोलून ठेवतो. संध्याकाळी दुसरं पथक ते चित्रीकरण बघून नग मोजतं आणि जिल्ह्याच्या दरसूचीने गुणतं. तुमच्या ओळीत नग आणि दर नसेल तर वाद घालायला हातात काहीच राहत नाही.

प्रमाणकाशिवाय, म्हणजे बिल किंवा पावतीशिवाय, खर्च चालतो का, हा नेहमीचा प्रश्न. टपाल किंवा रेल्वे प्रवासासारखे, जिथे पावती घेणं व्यवहार्य नाही असे खर्च नियमाने सोडले आहेत. बाकी प्रत्येकाला प्रमाणक हवं, तारीखवार लावलेलं, उमेदवाराने किंवा निवडणूक प्रतिनिधीने अनुक्रमांक घातलेलं. हातगाडीवरच्या चहावाल्याकडे छापील बिल नसतं. तिथे साध्या कागदावर कप, दर, रक्कम, त्याचं नाव आणि सही घेतली तरी काम भागतं. ते न करता कुणीतरी दुकानातून कोरं बिलबुक आणून स्वतःच भरत बसतं. एकाच हस्ताक्षरातली वडापाव, फुलं आणि डिझेलची बिलं ओळखायला खर्च निरीक्षकाला मिनिट लागत नाही. ही मंडळी बहुतेक आयकर किंवा सीमाशुल्कासारख्या महसुली सेवेतून आलेली असतात.

मित्राने हॉल फुकट दिला, आतेभावाने दोन जीप दिल्या, तर पैसे गेले नाहीत म्हणून नोंद नाही, असं होत नाही. बाजारभावाने किंमत धरून ती ‘इतर व्यक्ती’च्या रकान्यात लिहायची. मर्यादेत तीही मोजली जाते.

पांढऱ्या पानांची उणीव एकच: रकाना अरुंद. पैसे घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि बिलाची तारीख एका ओळीत मावत नाही, म्हणून लोक पत्ता गाळतात आणि मग तीच त्रुटी म्हणून अहवालात येते. दोन ओळी वापरा. पानं कमी पडली तर जादा वही मागता येते, दोन ओळी वापरल्या म्हणून कुणी रागावत नाही.

गुलाबी आणि पिवळी

या दोघी जोडीने वाचायच्या. अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीपुरतं वेगळं बँक खातं उघडावं लागतं. ते उमेदवाराच्या एकट्याच्या नावाने किंवा निवडणूक प्रतिनिधीबरोबर संयुक्त चालतं. प्रतिनिधी नसलेल्या बायकोबरोबर किंवा मुलाबरोबर चालत नाही. राज्यात कुठेही, सहकारी बँकेत किंवा पोस्टातही चालतं. स्वतःच्या खिशातला पैसाही आधी या खात्यात टाकायचा आणि मगच खर्च करायचा.

रोखीची मर्यादा 10,000 रुपये (2018 च्या नोव्हेंबरपर्यंत 20,000 होती). हा आकडा लोक रोजचा समजतात. तो रोजचा नाही. एका व्यक्तीला किंवा संस्थेला एका बाबीसाठी अख्ख्या निवडणुकीत मिळून 10,000 पर्यंतच रोख देता येतात. चहावाल्याला चार वेळा चार-चार हजार रोख दिले तर 16,000 झाले, आणि त्याला दुसऱ्या खेपेनंतरच धनादेश किंवा खात्यावर पैसे द्यायला हवे होते. ही चूक सर्वांत जास्त होते, कारण चहावाला, फूलवाला आणि पेट्रोलपंप या तिघांचे हिशेब रोज थोडेथोडे वाढतात आणि एकूण बेरीज कुणी बघत नाही. उपाय साधा आहे: वहीच्या शेवटी पेन्सिलीने पैसे घेणाऱ्यांची यादी ठेवा आणि प्रत्येकापुढे रोखीची चालू बेरीज. 7,000 ला पोहोचला की त्याचा खाते क्रमांक मागून घ्या.

रोख कुठून आली, तर निवडणुकीच्या खात्यातून काढून. म्हणजे पिवळ्या पानावर ‘स्वतः’ म्हणून काढलेली रक्कम त्याच तारखेला गुलाबी पानावर जमेच्या बाजूला दिसलीच पाहिजे. तपासणारा पहिल्यांदा हेच जुळवतो. गुलाबी पानावर आणखी एक हुशार रकाना आहे: शिल्लक रोख कुणाकडे, कुठे ठेवली आहे. तो भरताना कार्यालयातल्या माणसाचं नाव लिहिलं आणि नाक्यावर पथकाला दुसऱ्याच गाडीत पैसे सापडले, तर उत्तर देता येत नाही. उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा कार्यकर्ता यांच्या गाडीत 50,000 पेक्षा जास्त रोख सापडली की जप्तीची कारवाई होते. वही अद्ययावत असेल आणि बँकेतून काढल्याची पावती गाडीत असेल तर बोलायला जागा राहते.

मोबाइलवरून पैसे देणं सुरू झाल्यापासून नवा घोळ आला आहे. कार्यकर्ता आपल्याच खात्यातून फूलवाल्याला पैसे पाठवतो आणि मग उमेदवाराच्या खात्यातून त्याला परतफेड होते. पिवळ्या पानावर पैसे घेणारा कार्यकर्ता, बिलावर फूलवाला, पांढऱ्या पानावरही फूलवाला. नावं जुळत नाहीत, आणि कार्यकर्त्याला पैसे का दिले याचा खुलासा लेखी द्यावा लागतो. खात्याचा क्यूआर वापरणारा माणूस एकच ठेवा, तोही प्रतिनिधी.

तपासणी

प्रचारकाळात वही किमान तीनदा खर्च निरीक्षकांसमोर किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर न्यावी लागते. कार्यालयात त्याच वेळी तुमच्या नावाचं दुसरं रजिस्टर तयार होत असतं. सगळे त्याला शॅडो रजिस्टर म्हणतात. भरारी पथक, नाक्यावरचं स्थिर पथक, व्हिडिओ पथक, बातम्या-जाहिरातींवर नजर ठेवणारी माध्यम समिती यांच्याकडून आलेलं सगळं त्यात रोज चढतं आणि पुराव्याची वेगळी फाइल राहते. तपासणीत दोन वह्या शेजारी ठेवतात. तफावत निघाली तर 24 तासांत नोटीस निघते आणि उत्तराला 48 तास मिळतात. या 48 तासांत गप्प बसलात तर शॅडो रजिस्टरमधला आकडा तुमच्या खात्यावर चढतो. नोटिशीला कागद म्हणून फायलीत टाकून देणारे उमेदवार दर निवडणुकीत निघतात, त्यांना हे उशिरा कळतं.

आमच्या मते या व्यवस्थेतला सर्वांत चांगला भाग हा आहे, आणि सर्वांत कच्चा भागही. चांगला, कारण लपवलेली सभा लपत नाही. कच्चा, कारण सगळं दरसूचीवर टांगलेलं आहे. जिल्हा निवडणूक अधिकारी राजकीय पक्षांशी बोलून चहापासून जनरेटरपर्यंत दर ठरवतात. ती बैठक निवडणुकीआधी होते, तिथे पक्षाचा कुणीतरी कनिष्ठ माणूस जाऊन बसतो आणि सही करून येतो. मग प्रचारात कुरकुर सुरू होते की आमच्या गावात मंडप निम्म्या दराने मिळतो. मिळत असेलही, बिल आणि बँकेतून दिलेले पैसे दाखवा. पण दर बाजारभावापेक्षा फारच कमी लावलेला दिसला तर निरीक्षक दरसूचीच धरतात. म्हणून त्या बैठकीला तालुक्याचा नाही, हिशेब कळणारा माणूस पाठवावा.

गाड्यांचा भाग वेगळा सांगायला हवा. निवडणूक आयोगाच्या सुविधा पोर्टलवरून किंवा एक खिडकीतून गाडीची परवानगी घेतली की ती गाडी परवानगीच्या पूर्ण काळात फिरली असं धरतात. उत्साहात वीस गाड्यांची परवानगी घ्यायची आणि सात फिरवायच्या, तर उरलेल्या तेरा गाड्यांचं भाडं, डिझेल आणि चालकाचा पगार शॅडो रजिस्टरवर रोज चढत राहतो. गाडी थांबवली त्याच दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना लेखी कळवून परवानगी परत करा आणि पोच जपून ठेवा. तपासणीला वही आणलीच नाही तर सूचना देऊन याच परवानग्या काढून घेता येतात, आणि ते उमेदवाराला सगळ्यात आधी झोंबतं.

छपाईतही असाच धागा आहे. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127अ प्रमाणे सक्तीचं आहे (पुढची कलमंही याच कायद्यातली), आणि मुद्रक प्रकाशकाच्या जाहीर प्रतिज्ञेसह प्रती, छापील संख्या आणि आकारलेले पैसे जिल्ह्याला कळवतो. तुमच्या बिलावर 20,000 प्रती आणि मुद्रकाच्या कागदावर 50,000 असतील तर दोघंही अडकता. प्रेसचा मालक ओळखीचा असला तरी त्याच्या कागदाची झेरॉक्स मागून घ्या.

स्टार प्रचारक आणि पक्षाची पळवाट

नोंदवही इथे कमी पडते.

कलम 77 उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा घालतं, पक्षाच्या खर्चाला नाही. आपल्या देशात पक्षाने निवडणुकीत किती खर्च करावा याला कमाल आकडाच नाही. 1974 मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की उमेदवाराच्या माहितीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरावा. निकालाची शाई वाळायच्या आत त्याच वर्षी वटहुकूम आणि दुरुस्ती करून ते निष्प्रभ केलं गेलं: पक्षाने आणि मित्रांनी केलेला खर्च उमेदवाराचा नाही. 2003 मध्ये कायदा बदलून ही सवलत आखडली, आणि मुख्य सूट उरली ती स्टार प्रचारकांच्या, म्हणजे पक्षाने यादी देऊन कळवलेल्या नेत्यांच्या, प्रवासाची. मान्यताप्राप्त पक्षाला 40 आणि नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाला 20 नावं, अधिसूचनेपासून सात दिवसांत कळवायची. यादी उशिरा गेली की सूट गेली.

विभागणी वहीत अशी उतरते. समजा नेत्यांची सभा झाली, व्यासपीठावर तीन मतदारसंघांचे उमेदवार बसले, मंडप-मैदानाचा खर्च सहा लाख. प्रत्येकाच्या वहीत दोन लाख. नेत्यांच्या हेलिकॉप्टरचं भाडं कुणाच्याच वहीत नाही. पण उमेदवार कौतुकाने त्याच हेलिकॉप्टरमधून पुढच्या सभेला गेला तर प्रवासखर्चाचा निम्मा भाग त्याच्या नावावर. भाडं चार लाख असेल तर दोन लाख, म्हणजे 40 लाखांतला विसावा हिस्सा एका फेरीत. व्हिडिओत ते चढताना स्वच्छ दिसतं.

आता उलट बाजू बघा. व्यासपीठावर उमेदवार नाही, फलकावर त्याचं नाव किंवा फोटो नाही, फक्त चिन्ह आणि पक्षाचे नेते. तो खर्च पक्षाचा, सर्वसाधारण प्रचाराचा. म्हणून रस्त्यावरचे मोठे होर्डिंग, टीव्हीवरच्या जाहिराती, वर्तमानपत्रांची पहिली पानं यांत स्थानिक उमेदवार क्वचितच दिसतो. लोकांना वाटतं पक्षाला उमेदवाराची किंमत नाही. किंमत आहे म्हणूनच फोटो नाही. पक्षांना हिशेब द्यावा लागतो खरा, विधानसभेनंतर 75 दिवसांत आणि लोकसभेनंतर 90 दिवसांत, पण त्या हिशेबाला मर्यादेची रेघच नसल्याने ओलांडायचं काही उरत नाही. 40 लाखांसाठी चहाचे कप मोजायचे आणि शेजारच्या टोपलीला झाकणच नाही, ही या व्यवस्थेची खरी विसंगती. यावर वहीचा कागद सुधारून उपयोग नाही.

आणखी एक मोठी फट, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही: कायद्यातला खर्चाचा हा सगळा भाग फक्त लोकसभा आणि विधानसभेला लागू आहे, कलम 76 तसं स्पष्ट म्हणतं. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ, स्थानिक स्वराज्य संस्थांतून निवडून येणारे विधान परिषदेचे सदस्य यांच्या निवडणुकीत ही वही नाही आणि मर्यादाही नाही. महापालिका-नगरपालिकांचं खातं राज्य निवडणूक आयोगाकडे, तिथल्या मर्यादा आणि नमुने वेगळे; 2017 मध्ये तिथे रोजचा खर्च ट्रू व्होटर ॲपवर भरायला लावला होता. विधानसभेची वही भरलेला माणूस नगरपालिकेला तशीच भरायला गेला तर गोंधळतो.

मर्यादा आणि वास्तव यांतलं अंतर महाराष्ट्राने जाहीरपणे ऐकलेलं आहे. 2009 ची लोकसभा आठ कोटी खर्चून लढवली असं गोपीनाथ मुंडे 2013 मध्ये मुंबईच्या एका कार्यक्रमात बोलले, तेव्हाची मर्यादा होती 25 लाख, आणि केंद्रीय निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस काढली. पेड न्यूजच्या, म्हणजे पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्यांच्या, चर्चेतलं मोठं प्रकरणही आपलंच. 2009 च्या विधानसभेला भोकरमधून लढलेल्या अशोक चव्हाण यांच्या प्रचाराच्या काळात ‘अशोक पर्व’ मथळ्याचे लेख वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत आले, आणि त्यांच्या हिशेबात वर्तमानपत्रातल्या जाहिरातींचा खर्च 5,379 रुपये होता. त्या खटल्यात मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की आयोगाला हिशेब वेळेत आला का एवढंच नाही, तो खरा आहे का हेही तपासता येतं. जुलैमध्ये आयोगाचा आदेश चव्हाणांविरुद्ध गेला, सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्याआधी 2011 मध्ये उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव बातमीच्या रूपातल्या जाहिरातीचा खर्च न दाखवल्यावरून तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या होत्या. आज अशी बातमी सापडली की माध्यम समिती सरकारी जाहिरात दराने तिची किंमत काढते आणि उमेदवाराच्या खर्चात धरते. नोटिशीचं उत्तर 48 तासांत गेलं नाही तर समितीचा निर्णय कायम.

निकालानंतरचे तीस दिवस

सगळ्यात जास्त उमेदवार इथे चुकतात, आणि चुकणारे बहुतेक हरलेले असतात. अनामत गेली, कार्यालय आवरलं, वही कुठल्या पेटीत गेली कुणाला माहीत नाही. पण हिशेब जिंकलेल्या, हरलेल्या आणि बिनविरोध आलेल्या सगळ्यांनाच द्यायचा आहे. 2024 चा निकाल 23 नोव्हेंबरला लागला, म्हणजे शेवटची तारीख 23 डिसेंबर. वेळेत किंवा योग्य रीतीने दिला नाही आणि सबळ कारण नसेल तर कलम 10अ प्रमाणे तीन वर्षं अपात्रता. ग्रामीण भागात विधानसभा सहज हौसेने लढवलेल्या अपक्षाला पुढच्या निवडणुकीला अर्ज भरताना हे कळलं की डोक्याला हात लावायची वेळ येते.

निकालानंतर 26 व्या दिवशी हिशेब जुळवणीची बैठक असते. तिला जाच. शॅडो रजिस्टरमधल्या तफावती शेवटच्या वेळी समोरासमोर मिटवायची ती जागा आहे, आणि पटत नसेल तर आपलं म्हणणं लेखी नोंदवायचीही.

द्यायचा संच असा: मूळ नोंदवही, गोषवारा भाग एक ते चार आणि त्याची परिशिष्टं, सह्या केलेली मूळ प्रमाणकं, खात्याचं स्वतः प्रमाणित केलेलं विवरण, शपथपत्र, आणि तपासणीतल्या नोटिशा व त्यांची उत्तरं. परिशिष्टांत सभा स्टार प्रचारकासह आणि त्याविना वेगळ्या, साहित्य, माध्यमं, गाड्या, कार्यकर्ते, आणि पैसा कुठून आला ते स्वतःचा, पक्षाचा, इतरांचा असं तीन ठिकाणी. गुन्हे दाखल असलेल्या उमेदवाराला वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर ते जाहीर करावे लागतात, त्याच्या खर्चालाही जागा आहे, आणि समाज माध्यमांच्या प्रचारालाही. इथला नेहमीचा दोष म्हणजे सह्या. निवडणूक प्रतिनिधी रोजच्या कामात सही करतो म्हणून गोषवाऱ्यावरही करतो. गोषवारा आणि शपथपत्रावर उमेदवाराचीच सही लागते. जो भाग लागू नाही तिथे ‘निरंक’ लिहा, कोरा सोडू नका. पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका.

गोषवाऱ्याबद्दल आमची तक्रार अशी की तीच माहिती दोनदा लिहायला लागते: वहीत तारखेप्रमाणे, परिशिष्टात बाबीप्रमाणे. संगणकावर पहिल्या दिवसापासून समांतर तक्ता ठेवला आणि प्रत्येक ओळीला परिशिष्ट क्रमांक दिला तर शेवटी चाळणी लावून दोन तासांत काम होतं. न ठेवणाऱ्याचे चार दिवस जातात आणि बेरजा तरी जुळत नाहीत. मात्र तक्ता वहीऐवजी चालत नाही. वही हातानेच भरायची, मराठीत भरली तरी चालते.

वाचकासाठीही ही वही खुली आहे. नियमाप्रमाणे एक रुपया शुल्क भरून कुणालाही दाखल झालेला हिशेब बघता येतो आणि प्रतही मिळते. मर्यादा ओलांडणं कलम 123(6) खाली भ्रष्ट आचार ठरतं, पण त्यासाठी निवडून आलेल्याविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका करावी लागते, आणि ती निकालापासून 45 दिवसांत. हिशेब 30 व्या दिवशी आला तर हातात पंधरा दिवस उरतात. तेवढ्या वेळात संपूर्ण वही वाचायला बसू नका. आधी पांढऱ्या पानांवर पक्षाचा आणि इतरांचा खर्च हे दोन रकाने बघा, ते रिकामे असतील आणि त्या मतदारसंघात मोठी सभा झाली असेल तर तिथून सुरुवात करा. मग प्रचाराचा शेवटचा आठवडा पहिल्या आठवड्याशी ताडून पहा. शेवटी खर्च कमी झालेला दिसला तर मतदानाच्या दिवसाची केंद्रांबाहेरची टेबलं आणि जेवणं मोजा. आणि शॅडो रजिस्टरच्या प्रती त्याच अर्जात मागून घ्या, वेगळा अर्ज केला तर पंधरा दिवस त्यातच जातात.